पोत ओढणारा सुटून येईल तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरला संध्याकाळी देवळातून परत येताना तुमच्या आईंची पोत मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढली. त्या पडल्या, मनगट मोडलं. मागे बसलेला बावीस वर्षांचा मुलगा सापडला आणि सध्या तुरुंगात आहे. त्यातच तुमच्या वाचनात आलं की तुरुंगात गणपती करायला शिकवतात, योगाचे वर्ग चालतात, मुक्त विद्यापीठाची पदवीही घेता येते. तुम्ही विचारलंय, "आमच्या करातून यांचे लाड कशाला? तुरुंग शिक्षा भोगायला असतो की सुधारायला?"

मी सव्वीस वर्षं राज्यातल्या वेगवेगळ्या कारागृहांत सुतारकामाचा निदेशक होतो. बंदी मला मास्तर म्हणायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. जेलरोडला राहतो, घरामागच्या शेडमध्ये फर्निचरची किरकोळ कामं घेतो आणि सुटून आलेल्या एखाद-दोन मुलांना सोबत ठेवतो. मी वकील नाही. कायद्याचं खाली जे लिहितोय ते कामाच्या ओघात कळलेलं आहे, तुमच्या प्रकरणापुरतं वकिलांना विचारून घ्या.

तुमचा राग मला परका नाही. माझ्या सख्ख्या मावशीची पोत इथल्याच द्वारका चौकाजवळ अशीच गेली. त्यानंतर ती खोटे मणीसुद्धा पदराखाली झाकून घालायची, आणि दिवेलागणीनंतर कोणी सोबत असल्याशिवाय दाराबाहेर पडायची नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना मी चोराची बाजू घेतोय असं तुम्हाला वाटू शकतं.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, आईंना न्याय कसा मिळणार? दुसरा, हा मुलगा उद्या आणखी कोणाच्या आईची पोत ओढणार का? शिक्षेने पहिल्याचं थोडंफार उत्तर मिळतं, दुसऱ्याचं मिळेलच असं नाही.

दुसरा आधी घेऊ. पोलिसांनी कलम कोणतं लावलंय यावर बरंच अवलंबून आहे. नुसतं हिसकावून नेणं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली जास्तीत जास्त तीन वर्षं. आईंना झालेली दुखापत धरून जबरी चोरीचं कलम ३०९ लागलं असेल तर शिक्षा बरीच वाढते. पण बहुधा तो सुटेल तेव्हा तरुणच असेल. आणि सुटून तो चंद्रावर जाणार नाही, याच शहरात येणार आहे. सातपूर, सिडको, पंचवटी, कुठेतरी. म्हणून "याला डांबून ठेवा" हे माझ्या दृष्टीने अर्धंच उत्तर आहे. किती दिवस डांबायचं हे न्यायालय ठरवेल. त्या दिवसांत त्याचं काय करायचं हे कोणी ठरवत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

आत आराम असतो ही समजूतही बाजूला ठेवा. संध्याकाळचं जेवण झालं की गिनती होते आणि बराक बाहेरून बंद होते ती सकाळपर्यंत. रात्रभर दिवा जळतो. पन्नास माणसांच्या जागेत शंभर झोपलेले मी पाहिले आहेत. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. मुलाखतीला आई आली की जाळीपलीकडची काही मिनिटं, तीही दहा जण एकदम ओरडत असताना. स्वातंत्र्य जाणं हीच न्यायालयाने दिलेली शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बात्रा खटल्यात स्पष्ट केलं की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. जेलरने, शिपायाने किंवा मास्तरने आपल्या मनाची आणखी एक शिक्षा वर जोडायची नसते.

आता एक गोष्ट, जी बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. तुम्ही ज्याच्या "सुधारणे"वर चिडला आहात, त्या मुलाची सुधारणा अजून सुरूच झालेली नाही. तो कच्चा कैदी आहे. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. कारखान्यातलं काम सक्तमजुरी झालेल्या पक्क्या कैद्यांसाठी असतं, कच्च्याला कामाला जुंपता येत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांत कच्चे कैदी ४,३४,३०२. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, त्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरलेली. पक्के कैदी सगळे जणू जागेच्या बाहेरच.

हा बावीस वर्षांचा मुलगा तिथे दिवसभर काय करतो? बसतो. झोपतो. पत्ते नाहीत तर काड्या घेऊन खेळतो. आणि शिकतो. घरून मनीऑर्डर येत नसेल तर पहिल्या आठवड्यातच साबण संपतो. साबण देणारा बराकीत कोणीतरी असतोच. मग तो कँटीनमधून फरसाण देतो, मग वकील देतो, मग जामीनदार देतो. हे सगळं उधार असतं. बाहेर आल्यावर ते फेडायचं असतं आणि ते मजुरीतून फिटत नाही. एकट्यादुकट्या भुरट्या चोराचा टोळीतला माणूस झालेला मी ज्या ज्या वेळी पाहिला, त्या त्या वेळी सुरुवात साबणासारख्याच कशाने तरी झाली होती. तुम्ही शिक्षा आणि सुधारणा यांतलं एक निवडायला सांगता, पण बहुतेकांच्या वाट्याला आत यांतलं काहीच येत नाही. नुसतं कोंडून ठेवणं येतं, आणि ते सगळ्यांत महाग पडतं.

यावर थोडा उपाय कायद्यातच आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बाँड लिहून घेऊन सोडायचं असतं, इतरांना निम्म्या काळानंतर. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त गुन्हे असतील तरही नाही. हे वाचून तुम्हाला आणखी राग येईल. पण खटले वेळेत चालले तर या कलमाची गरजच पडणार नाही. लवकर निकाल लागणं तुमच्या आईंच्याही हिताचं आहे आणि त्या मुलाच्याही. माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी मुलांना मी विचारायचो, "पकडला गेलास तर किती वर्षं होतील, माहीत होतं का?" एकालाही माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण सापडणारच नाही. म्हणून शिक्षा तीनाची सहा केल्याने ही मुलं घाबरतील असं मला वाटत नाही. सापडणारच आणि लवकर निकाल लागणारच, एवढं वस्तीत माहीत झालं तर घाबरतील.

आता लाडांबद्दल. सुधारणा म्हणजे लाड, असं मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही वाटायचं. प्रत्यक्षात बराकीत पडून राहण्यापेक्षा ती जड असते.

आमच्या शेडमध्ये भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. करवतीच्या जागी करवत, रंध्याच्या जागी रंधा, पटाशांची ओळ लहान-मोठ्या क्रमाने. काम थांबलं की हत्यारं फळ्यावर. एक आकृती रिकामी दिसली तरी कोणी जागचं हलायचं नाही. एकदा पाऊण इंची पटाशी दीड तास सापडली नाही. अठ्ठावीस जण उकिडवे बसून, शिपाई झडती घेतायत, मी घामाघूम. शेवटी ती भुशाच्या पोत्यात निघाली. अशा ठिकाणी एका माणसाच्या हातात धारदार पटाशी द्यायची आणि त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याचं काम बघायला जायचं, यासाठी दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसायला महिने जातात.

तिथे एक मुलगा आला. पोत चोरीचाच. शिक्षा लागलेली. पहिले तीन महिने मी त्याच्या हातात फक्त पॉलिश पेपर दिला. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "मास्तर, मला बराकीत परत पाठवा, तिथे झोपायला तरी मिळतं." पाठवलं नाही. नंतर शाळेच्या बाकांचं काम आलं तेव्हा त्याला पाय करायला दिले. पाय झाला की गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडासमोर धरायचा, मधून फट दिसली की पुन्हा रंधा. त्याने चार पाय वाया घालवले. रंधा मारून मारून लाकूड इतकं बारीक व्हायचं की पाय फेकावाच लागायचा. चौथ्या वेळी त्याने पाय जमिनीवर आपटला. मी काही बोललो नाही, पाचवं लाकूड दिलं. नंतर तोच मला म्हणाला, चुकलं की थोबाडीत बसते एवढंच त्याला आजवर माहीत होतं. कुठे चुकलं हे कोणी दाखवलं नव्हतं.

एक दिवस पॉलिश करता करता मी सहज विचारलं, "पोत ओढलीस तेव्हा बाई पडली होती का रे?"

"माहीत नाही मास्तर. मागे बघितलं तर गाडी पडते."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. खटला उभा राहिला, पंच आले, साक्षी झाल्या, शिक्षा लागली. पण त्या बाईचा हात मोडला की खुबा, ती नंतर एकटी घराबाहेर पडली की नाही, हे त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. मग मी त्याला माझ्या मावशीचं सांगितलं, खोट्या मण्यांचंसुद्धा. तो ऐकत राहिला आणि पुन्हा घासायला लागला. रडला वगैरे नाही. आठवडाभराने हत्यारं फळ्यावर लावताना त्याने विचारलं, "तुमच्या मावशी आता बाहेर जातात का?"

तुम्ही विचारता ती सुधारणा माझ्या मते इथून सुरू होते. योग, संगणक, पदवी यांच्या मी विरोधात नाही. आपल्या गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ तुरुंगातल्या माणसापर्यंत पोचतं याचा मला नाशिककर म्हणून आनंद आहे. पण आपण एका जिवंत माणसाचं नेमकं काय केलं, हे कळल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं राहतं. आणि हे कळण्याची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

गणपतींचं म्हणाल तर नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या मूर्ती लोक आवडीने घरी नेतात, तिथलं लाकडी सामान आणि कापडही विकत घेतात. तो माल विकून सरकारी तिजोरीत पैसा येतो. माझ्या नोकरीच्या काळात आतली मजुरी दिवसाला शंभर रुपयांच्याही आत होती. त्यातून कोणी बहिणीच्या लग्नाला पैसे पाठवायचा, कोणी वकिलाला. २०२२ साली राज्य सहकारी बँकेने येरवड्यापासून 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली, शिक्षा भोगणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज आणि आतल्या मजुरीतून फेड. ज्याच्यामागे घर उघडं पडलंय त्याला हा मोठा आधार आहे. घर टिकलं तर सुटून जायला जागा राहते.

सगळे सुधारतात असं मी म्हणणार नाही. माझा अनुभव असा की भावकीच्या भांडणात, बांधावरून, दारूच्या नशेत एकदाच हात उचललेला जन्मठेपेचा बंदी शेडमधला सगळ्यांत भरवशाचा माणूस असतो. तो सुटल्यावर परत आलेला मी क्वचितच पाहिला. वारंवार परत येतात ते छोट्या शिक्षेवाले, आणि त्यांतही नशा करणारे. कुत्ता गोळी, म्हणजे नशेसाठी घेतात ती झोपेची गोळी, घेणाऱ्या मुलाला पटाशी देऊन काही होत नाही, आधी त्याच्यावर उपचार लागतात. काही थोडे असे भेटले की ज्यांना दुसऱ्याचं दुःख पोचतच नाही. बायका-मुलांवर पुन्हा पुन्हा हात टाकणारे त्यांत होते. त्यांना कायदा परवानगी देईल तितका काळ समाजापासून लांब ठेवावं, असंच मी म्हणेन. तुमच्या आईंच्या प्रकरणातला मुलगा यांतल्या कोणत्या जातकुळीचा आहे हे मी इथून सांगू शकत नाही. पहिलीच वेळ आहे का, नशा आहे का, घरी कोण आहे, या तीन गोष्टी कळल्या तर अंदाज येतो.

विश्वास टाकला तर कैदी पळून जातात, ही भीतीही नेहमी बोलून दाखवली जाते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने तिथे कैद्यांची मोकळी वसाहत वसवली. तिथे बंदी बायको-मुलांसह घरात राहतो आणि शेती करतो. ती वसाहत आजही आहे. अर्थात तिथे निवडून माणसं पाठवतात आणि निवडूनच पाठवावीत.

माझ्या त्या मुलाचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर गोष्ट खोटी होईल. शिक्षा संपून तो सकाळी सुटला. बाक उत्तम करायचा, मी निर्धास्त होतो. पण आईला तारीख कळली नव्हती, आणि कळली असती तरी येण्याजाण्याच्या भाड्याला पैसे नव्हते. गेटबाहेर त्याचा जुना मित्र गाडी घेऊन उभा होता, नवा शर्ट आणि बिर्याणीचं पार्सल घेऊन. एमआयडीसीत काम मागायला गेला तर ठेकेदाराने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. खोलीमालकानेही तोच मागितला. चार महिन्यांत तो परत आत आला. शेडमध्ये पाय टाकल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ फळ्याकडे गेला.

दुसऱ्यांदा सुटला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. त्या दिवशी सकाळी सहालाच गेटवर जाऊन उभा राहिलो. मित्रही आला होता. आम्ही दोघं एकाच टपरीवर चहा प्यायलो, एकमेकांशी न बोलता. मुलगा बाहेर आला, दोघांकडे बघितलं आणि माझ्या स्कूटरवर बसला. दोन वर्षं माझ्याकडे होता, आता सिन्नरला एका फर्निचरवाल्याकडे आहे. सुटून चार वर्षं झाली. पुढचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पहिल्या पंधरा दिवसांत राहायला जागा, हाताला काम आणि एक ओळखीचा माणूस मिळाला तर बराच फरक पडतो, हे मी एवढ्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. शासनाने तुरुंगावर एक रुपया जास्त खर्च करायचा ठरवला तर तो मी या पंधरा दिवसांवर करायला सांगेन.

आता तुमचा पहिला प्रश्न, आईंचा. या सगळ्या चर्चेत त्यांच्याकडे कोणीच बघत नाही, ही तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांच्या मजुरीच्या प्रकरणात म्हटलं होतं की मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढण्याची सोय राज्यांनी करावी. मला हे मनापासून पटतं. तो मुलगा बाक करेल आणि त्यातले थोडे पैसे तुमच्या आईंच्या औषधाला जातील, यात शिक्षाही आहे आणि सुधारणाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच अंकुश गायकवाड खटल्यात न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार न्यायाधीशांनी केलाच पाहिजे. पण मागितल्याशिवाय ते बहुतेक वेळा राहून जातं.

म्हणून तुम्ही आता एवढं करा. पोत सापडली असेल तर मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज द्या, खटला संपेपर्यंत थांबू नका. फोटो आणि पंचनामा करून वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, मिळू शकते. मनगटाचे एक्स-रे, दवाखान्याची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि सरकारी वकिलांना भेटून भरपाईची मागणी आत्ताच कानावर घाला. वकिलाचा खर्च जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि साक्षीच्या दिवशी आईंना सांगा की फक्त पोत किती तोळ्यांची होती एवढ्यावर थांबू नका. पडल्यावर काय झालं, रात्री झोप लागते का, देवळात जाणं बंद झालंय का, तेही न्यायाधीशांना सांगू द्या. तो मुलगा तिथे समोर असेल, त्याच्याही कानावर जाईल.

आईंचं प्लास्टर निघालं का ते कळवा. निघाल्यावर बोटं आखडतात, कोमट पाण्यात हात धरून रोज मूठ उघडझाप करायला लावा.